चोवीस घरांचा एक हात

पैज लागली तेव्हा आम्ही दोघं गेटजवळच्या बाकावर बसलो होतो आणि ऑडिटर माझ्या चहात माझंच बिस्किट बुडवत होता.

ऑडिटर म्हणजे माझा समोरच्या दारातला शेजारी. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर गडी मान वळवत नाही. तीस वर्षं त्यानं लोकांच्या कामात चुका काढल्या. पुढं सरकारनं थांबवलं, म्हणून आता आमच्या बिल्डिंगमध्ये काढतो. खिशात एक छोटी वही असते आणि वहीत शेरे असतात. ‘जिना, तिसरी पायरी, डाग. कारण अस्पष्ट.’ डाग माझ्या सांडलेल्या चहाचा होता आणि ते त्याला पक्कं माहीत होतं, पण पुराव्याशिवाय तो कुणाचं नाव लिहीत नाही. तेवढा सज्जन आहे.

विषय चालला होता नोटिशीचा. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर वॉर्ड ऑफिसच्या मालकीची एक मोठी खोली आहे, आणि त्या खोलीत वाचनालय आहे. ते चालवते माझी बायको. बावीस वर्षं. नोटिशीत म्हटलं होतं की खोलीचा करार महिनाअखेर संपतोय, वाचनालय पुढं चालू ठेवायचं असेल तर बिल्डिंगमधल्या चोवीसच्या चोवीस घरांचा एकमतानं केलेला ठराव आणा. एक जरी घर विरोधात गेलं किंवा गैरहजर राहिलं तरी ठराव बाद. मग त्या खोलीत वॉर्ड ऑफिसच्या मोडक्या खुर्च्या ठेवणार.

आता आमच्या बिल्डिंगचं एकमत म्हणजे काय, ते सांगतो. आम्हाला जिने दोन. डावा आणि उजवा. अकरा वर्षांपूर्वी बाहेरून रंग द्यायचं ठरलं. डाव्या जिन्याला पिवळा हवा होता, उजव्याला हिरवा. सात मीटिंगा झाल्या. शेवटी रंगारी कंटाळला आणि अर्धी अर्धी रंगवून निघून गेला. तेव्हापासून रस्त्यावरून बघितलं तर बिल्डिंग काविळीतून उठवून लगेच बोटीत बसवल्यासारखी वाटते. एकदा मीटरच्या खोलीत धूर झाला, तर खाली पळताना सुद्धा लोकांनी आधी कुठल्या जिन्यात धूर झालाय ते विचारलं होतं.

त्याच आठवड्यात वाचनालयात एक पार्सल आलं. एका माजी मंत्र्यांनी पुस्तक लिहिलं होतं आणि सगळ्या वाचनालयांना पाच पाच प्रती फुकट धाडल्या होत्या. नाव, ‘आपलेपणाची पुनर्बांधणी’. पानं चारशे सोळा. मागच्या बाजूला साहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली लिहिलेलं, की माणसं एकमेकांपासून तुटली, नागरिक म्हणून आपण सगळे मिळून काही करायचं असतं हेच विसरली, ते परत कसं आणायचं याचा हा मार्ग. साहेब तीन पक्षांत मिळून चार वेळा मंत्री झालेले. म्हणजे वेगवेगळ्या लोकांशी एकत्र येण्याचा अनुभव दांडगा.

मी बोलून गेलो की या साहेबांनाच आपल्या अंगणात बोलवू, त्यांचं व्याख्यान ठेवू, लोक भारावतील आणि तिथल्या तिथं ठराव पास होईल.

ऑडिटर इतका हसला की बिस्किट चहात पडलं. त्याचं म्हणणं, या चोवीस घरांनी एकाच गोष्टीसाठी एका वेळी हात वर केला, तर तो गेटपाशी खुर्ची टाकून ते चारशे सोळा पानांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवेल.

“आणि नाही केला तर तू वाचायचं,” तो म्हणाला. “चोवीस म्हणजे चोवीस. तेवीस नाही.”

मी हात पुढं केला. त्यानं माझा हात धरला तो जरा जास्तच प्रेमानं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

घरी येऊन बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती पुस्तकांवर शिक्के मारत होती. चार शिक्के मारून झाल्यावर म्हणाली, “अहो, त्या चोवीसांतलं एक घर त्यांचंच आहे ना?”

मी खाली बसलो.

गल्लीतल्या लोकांना मी आयुष्यभर टोप्या घातल्या. शेजारच्या बिल्डिंगवाल्यांना नळाचं पाणी मोजणारा अधिकारी म्हणून फोन करून त्यांच्याकडून तीन दिवस बादल्या मोजून घेतल्या. आणि ह्या बिस्किटचोरानं मला भर बाकावर गुंडाळलं. त्यानं नुसता हात खाली ठेवला की तो जिंकला. आणि त्यात गंमत अशी की त्याचा वाचनालयाला विरोधही नव्हता. पण तीस वर्षांत कुठलीही गोष्ट त्यानं शेरा न मारता पास केलेली नाही, त्याला ते जमतच नाही. वाचनालयाबद्दल त्याचा शेरा तयारच होता. ‘रोजचे सरासरी वाचक चार पूर्णांक दोन दशांश. दोन दशांश म्हणजे समोरचे गृहस्थ, पेपरातलं कोडं अर्धवट सोडवून जातात.’

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर बायको जाड रजिस्टर उघडून लोकांना एकेक करून फोन लावत होती. पुस्तक महिनाअखेरच्या आत आणून द्या, उशिराचं काही नाही, फक्त आणून द्या. बावीस वर्षांत पुस्तकं परत मागताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होतो. एरवी कुणी वर्षभर ठेवलं तरी म्हणायची, वाचत असतील. मी दारातूनच परत फिरलो आणि साहेबांच्या ऑफिसला फोन लावला.

फोनवर त्यांचे पीए आले. आवाज असा, की मला वाटलं साहेबच आहेत, मी उभाच राहिलो. साहेब सध्या पुस्तकासाठी वेळ देतायत म्हणाले, पण श्रोते किती असतील? मी म्हटलं चोवीस. ते म्हणाले, फक्त? मी म्हटलं, चोवीस घरं. पण घरं मोठी आहेत. एकेका घरात माणूस मावत नाही. हे खोटं नाही, कारण आमच्याकडं खरंच मावत नाही, सगळीकडं पुस्तकं आहेत. पीएंनी तारीख दिली, महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवसाची, संध्याकाळी पाच, आणि अट घातली की वॉर्ड ऑफिसच्या परवानगीची प्रत दोन दिवस आधी मिळाली पाहिजे.

झालं. वॉर्ड ऑफिस.

तिथल्या क्लार्कबद्दल मी वाईट बोलणार नाही. मनुष्य नियमानं चालणारा आहे आणि नियमाच्या बाहेर त्याला दिसत नाही. अंगणात कार्यक्रम करायच्या अर्जावर चार चौकोन होते. लग्न, वाढदिवस, शोकसभा, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. तो म्हणाला, इतरला इंजिनिअरचा दाखला लागतो की अंगण माणसांचं वजन पेलेल. मी म्हटलं, अंगण जमिनीवर आहे, खाली पृथ्वी आहे. तो म्हणाला, तसा दाखला आणा. दाखल्याला किती दिवस? पंचेचाळीस. आणि लग्नाला? तीस. वाढदिवसाला वीस.

“शोकसभेला?” मी विचारलं.

“ती लगेच मिळते,” तो म्हणाला. “माणूस काय विचारून मरतो का?”

मी शोकसभेवर खूण केली. खाली रकाना होता, मृताचं नाव. आता दुसऱ्या कुणाला मारायचा मला काय अधिकार? संस्कार आडवे आले. मी माझंच नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि अर्जदार म्हणून सहीसुद्धा मीच केली. क्लार्कनं दोन्ही नावं वाचली, माझ्याकडं बघितलं, शिक्का मारला आणि म्हणाला, “वाईट झालं.”

परवानगी हातात घेऊन मी शिट्टी वाजवत बाहेर पडलो.

राहिला प्रश्न माणसं जमवायचा. साध्या नोटिशीनं आमच्याकडं माणूस येत नाही. नोटीस वाचतात, खाली सही करतात आणि जेवायला निघून जातात. पण या लोकांना मी वीस वर्षं ओळखतो. यांना कुणी काही देणार म्हटलं तर संशय येतो. कुणीतरी आपल्या पाठीमागं काहीतरी ठरवतंय म्हटलं की सगळी कामं सोडून धावत येतात. आमचं सगळं सार्वजनिक जीवन याच एका इंजिनावर चाललंय.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वरच्या घरातल्या पावलांचा त्रास आहे. वरच्या घरात माणूस एकच आहे आणि तो पायमोजे घालून चालतो, तरीही काकूंना ऐकू येतं. त्यांना मी हळूच सांगितलं की पावलांच्या आवाजाबद्दल साहेब स्वतः तक्रारी ऐकणार आहेत, फक्त त्या दिवशी. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना बोर्ड लावायची परवानगी चार वर्षं मिळत नव्हती, त्यांना सांगितलं की बोर्डाचा विषय सभेत निघणार आहे. डाव्या जिन्याला घरोघरी जाऊन सांगितलं, “मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण त्या दिवशी उजवेवाले सगळी बिल्डिंग हिरवी करायचा ठराव आणतायत.” मग खाली उतरलो, श्वास घेतला, उजव्या जिन्यानं वर चढलो आणि पिवळ्याचं सांगितलं.

प्रत्येक घरानं मला खाजगीत सल्लाही दिला. डॉक्टर म्हणाले माईक चांगला आणा, काकू म्हणाल्या माईक आणूच नका. डावे म्हणाले स्टेज डाव्या बाजूला घ्या, उजवे काय म्हणाले ते सांगायला नको. मी स्टेज मधोमध घातलं, तर दोन्ही जिन्यांनी मला सांगितलं की तुम्ही त्यांच्या बाजूचे निघालात.

ऑडिटरला मी काहीच सांगितलं नाही. तो स्वतःहूनच येणार होता. फुकट हरणारा माणूस बघायला कोण येत नाही?

कार्यक्रमाच्या दिवशी साडेचारलाच अंगण भरलं. बायको दारात टेबल टाकून सह्या घेत होती. पाच वाजता तिनं मला खूण केली, चोवीस. अकरा वर्षांत पहिल्यांदा चोवीस. लोक डावीकडं डावे आणि उजवीकडं उजवे असे बसले होते, मधे माणूस झोपेल एवढी जागा सोडून. ऑडिटर पहिल्या रांगेत, मांडीवर हात अशा रीतीनं ठेवलेले की जणू फेविकॉलनं चिकटवलेत. माझ्याकडं बघून हसला. वॉर्ड ऑफिसचा क्लार्कही आला होता. साहेब येणार म्हटल्यावर तो येणारच, आणि शिवाय माझ्याबद्दल त्याला वाईटही वाटलं असणार.

साहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, चेहरा गंभीर. जरा जास्तच गंभीर. मी गुच्छ पुढं केला तर त्यांनी तो घेतला नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं थोर माणसं अशीच भेटत असतील.

मग ते माईकपाशी गेले. मी हातभर अंतरावर उभा राहून माईकचा स्क्रू पिळत होतो. साहेबांनी घसा साफ केला आणि माझं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. म्हणाले, “आज ते आपल्यात नाहीत.”

पीएंनी परवानगीची प्रत वाचली होती. एवढ्या मोठ्या राज्यकारभारात कुणीतरी कागद वाचतं, हे मला त्या दिवशी समजलं.

“मी त्यांना जवळून ओळखत होतो,” साहेब म्हणाले. ते खरंच होतं. माझ्या नाकापासून त्यांचं कोपर वीतभर लांब होतं. “साधा माणूस. कुणाशी कधी खोटं बोलला नाही. शेजाऱ्यांसाठी झिजला.” मागून कुणीतरी खोकलं. पिवळे आणि हिरवे दोघंही खोकले. मग साहेबांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं.

सगळे उभे राहिले. मीही राहिलो, दुसरं काय करणार? आपल्याच आत्म्याला शांती मिळावी म्हणून मान खाली घालून उभं राहणं हा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही. बायकोनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. साहेबांनी तिच्याकडं बघून स्वतःचा रुमाल काढला. काकूंचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता. इतकी शांतता त्यांना वीस वर्षांत मिळाली नव्हती. दोन मिनिटं संपली तेव्हा ऑडिटरनं घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं. नंतर कळलं, ‘श्रद्धांजली एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. बारा सेकंद कमी.’

मी पीएंना कोपऱ्यात घेतलं आणि म्हटलं, अहो मी तो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. घाबरले नाहीत. मुरलेले होते. म्हणाले, आता सांगू नका, साहेबांची लय तुटेल. तुम्ही भाऊ म्हणून बसा. मी विचारलं, थोरला की धाकटा? तर म्हणाले, जास्त बोलू नका, दुःखात आहात.

मग व्याख्यान सुरू झालं. मी चेष्टा करायच्या तयारीनंच बसलो होतो, पण खरं सांगतो, माणूस बोलायला पक्का. चाळीस मिनिटं बोलला. त्यातली पंचवीस मिनिटं तो स्वतः काय काय झाला याबद्दल होती, ती सोडून द्या. पण मधेच एक वाक्य म्हणाला, “लोक एकत्र यायला प्रेम लागतं असं नाही. काम लागतं. सगळ्यांना पटेल असं एक छोटं काम द्या, बाकीचं आपोआप होतं.” अंगणात कुणीच मान हलवली नाही. फक्त टेबलामागं बसलेल्या माझ्या बायकोनं पेन्सिल उचलली आणि हजेरीच्या कागदामागं काहीतरी लिहायला घेतलं. मला वाटलं वाचनालयासाठी वाक्य उतरवून घेतेय.

शेवटी साहेब म्हणाले, आता तुमचे प्रश्न. आणि इथं माझं व्यवस्थित रचलेलं जग कोसळलं.

काकू सगळ्यात आधी उठल्या आणि म्हणाल्या, डोक्यावरच्या पावलांचं काय करणार ते आधी सांगा. साहेबांना वाटलं ही कल्पना आहे. म्हणाले, इतिहासाची पावलं आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर असतात. काकू म्हणाल्या, इतिहास पायमोजे घालून चालतो का? तेवढ्यात डॉक्टर उठले आणि बोर्ड कधी लागणार ते विचारलं. मग डावीकडून आवाज आला की हिरवा रंग आम्ही होऊ देणार नाही. उजवीकडून आवाज आला की हिरव्याचं कोण बोललंय, तुम्हीच पिवळा आणताय. कोण म्हणालं पिवळा? आम्हाला सांगितलं. आम्हाला हिरवा सांगितलं. कुणी सांगितलं?

आणि मग चोवीस घरं हळूहळू वळली. अकरा वर्षांत डावा जिना आणि उजवा जिना पहिल्यांदाच एका दिशेला बघत होते, आणि त्या दिशेला मी होतो.

मी आयुष्यात बऱ्याच जणांना फसवलं, पण ते एकेकटे असताना. सगळे एकदम जमा झालेले मी कधी बघितले नव्हते. पहिल्यांदाच वाटलं की क्लार्कच्या अर्जात मी जे लिहिलंय ते पुढं खरं ठरणार. डॉक्टरांनी तर नुसतं विचारलं, “जरा तोंड उघडून सांगता का?” आणि माझे सगळे दात एकदम शिवशिवले.

तेवढ्यात बायको उठली. टेबलाला वळसा घालून माईकपाशी आली आणि साहेबांना म्हणाली, दोन मिनिटं देता का? साहेब विधवेला माईक देणार नाहीत असं कसं होईल? त्यांनी आदरानं मागं सरून जागा दिली.

“यांनी तुम्हा सगळ्यांना फसवलंय,” ती म्हणाली. “शिक्षा झालीच पाहिजे. मी ठराव लिहिलाय, वाचते.”

अंगणात इतकी शांतता पसरली की मागची दोन मिनिटं त्यापुढं गोंगाट वाटावीत. तिनं कागद उलटा केला आणि शाळेत मुलांना वाचून दाखवावं तसं सावकाश वाचलं. वाचनालय पुढचं वर्षभर याच खोलीत चालू राहील. या वर्षातल्या प्रत्येक रविवारी सकाळी सात वाजता वाचनालयाची झाडलोट, पुस्तकांची धूळ आणि दोन्ही जिन्यांच्या सगळ्या पायऱ्या माझे यजमान एकटे साफ करतील. कामाची तपासणी समोरचे ऑडिटर करतील, आणि त्यांना योग्य वाटतील ते सर्व शेरे स्वतंत्र वहीत नोंदवतील. वही वाचनालयात सगळ्यांना बघायला ठेवली जाईल.

“ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.”

आता बघा हं. ऑडिटरला तीस वर्षं सरकारनं पगार देऊन जे करायला लावलं, ते सहा वर्षांपासून कुणी करू देत नव्हतं. आणि इथं त्याला माझ्यावर, खास माझ्यावर, अधिकृत शेरे मारायचा वर्षभराचा हक्क मिळत होता. जाहीर वहीत. मी त्याच्याकडं बघत होतो. मांडीवरचा त्याचा उजवा हात मालकाला न विचारता वर निघाला. सगळ्यात पहिला. मग त्यानं खात्रीसाठी डावाही वर केला.

त्याच्यामागं डावा जिना उठला, उजवा जिना उठला, काकू, डॉक्टर, सगळे. काही घरांत तर दोन दोन, तीन तीन हात. बायकोनं शांतपणे मोजले. चोवीस.

साहेबांच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांना नक्की काय ठरलं ते कळलं नव्हतं, पण चोवीस घरांनी एकमतानं हात वर केलेले त्यांनीही आयुष्यात पहिल्यांदाच बघितले असणार. पुढच्या आवृत्तीत हे घालणार म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळहळले आणि लोकांना म्हणाले की या बिचाऱ्याचा भाऊ नुकताच गेलाय, वर्षाऐवजी महिनाभर करा. बिल्डिंग म्हणाली नाही. तेही एकमतानं. एका संध्याकाळी दोनदा.

बायको तो कागद आणि हजेरीच्या सह्या घेऊन सरळ क्लार्कपाशी गेली. त्यानं वाचला, पुन्हा वाचला, बोटानं ओळ धरून चोवीस सह्या मोजल्या. ‘वाचनालय पुढचं वर्षभर याच खोलीत चालू राहील’ या ओळीवर थांबला. एकमत आहे, हजेरी आहे, ओळ आहे, नियमात बसतंय म्हणाला, आणि खिशातून शिक्का काढून मारला. सरकारी माणूस शिक्का घेऊन व्याख्यानाला येतो, हे मला माहीत नव्हतं. निघताना माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, “बरं दिसताय.”

अंगण रिकामं झालं तेव्हा ऑडिटर तिथंच खुर्चीत बसून होता. त्याचे दोन्ही हात अजून अर्धवट वर होते. मी शेजारी जाऊन बसलो.

“चोवीस,” मी म्हटलं. “तेवीस नाही.”

तो हळूच हात खाली घेत म्हणाला, “तुझ्या बायकोनं केलं हे.”

“मग? तू कुणाशी पैज लावली होतीस? माझ्या घराशी ना? बायको त्याच घरातली.”

तो पळवाट शोधत होता. त्याची वहीसुद्धा चाळून झाली. पण माणूस बेइमान नाही, शेरा खोटा कधी मारलेला नाही. उठला आणि पुस्तकाची एक प्रत रीतसर सही करून वाचनालयातून घेऊन गेला.

पहिल्या रविवारी सात वाजता मी झाडू घेऊन खाली उतरलो तेव्हा गेटपाशी खुर्ची होती, खुर्चीवर ऑडिटर होता, मांडीवर पुस्तक, एका बाजूला माझ्या शेऱ्यांची नवी कोरी वही, कानावर पेन्सिल. दोन्ही जिन्यांमधून लोक चहाचे कप घेऊन उतरत होते. मधे जागा सोडायला कुणी विसरलं असावं, कारण पिवळे आणि हिरवे आज एकमेकांत मिसळून बसले होते. पैजेचं हरणं बघायला कडेला थांबून कसं चालेल?

ऑडिटरनं घसा साफ केला आणि वाचायला लागला. प्रस्तावना. पहिलाच परिच्छेद झाला आणि तो थांबला. म्हणाला, इथं साहेब म्हणतायत की गेल्या पन्नास वर्षांत आपण एकमेकांशी बोलणं सोडलं, पण पन्नास कुठून मोजली त्याचा आधार दिलेला नाही. डॉक्टर म्हणाले, पन्नास नाही, तीस धरा. डाव्या जिन्यातून कुणीतरी म्हणालं चाळीस. उजव्या जिन्यातून कुणीतरी म्हणालं, चाळीसच बरोबर.

मी झाडू थांबवला. मला वाटलं माझ्या कानात धूळ गेली.

वाद रंगला. ऑडिटर अर्ध्या पानापुढं जाईना, लोक त्याला उठू देईनात. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काकूंनी डोकं बाहेर काढलं. सगळे चपापले, आता ऐकून घ्यावं लागणार. पण काकू म्हणाल्या, “जरा मोठ्यानं वाचा हो, इथपर्यंत येत नाहीये.”

ऑडिटरनं आवाज चढवला. पान उलटलं. मग पुस्तकात बोट घालून ते मिटलं, कानावरची पेन्सिल काढली आणि दाराकडं बघत नव्या वहीत पहिला शेरा लिहिला. मी झाडू हातात धरूनच वाकून वाचला.

‘उंबरठा, डावी बाजू, कचरा शिल्लक. कर्मचारी काम सोडून ऐकत उभा आहे.’

खाली त्यानं सही केली, तारीख घातली, आणि मला माझ्यासाठी एक खुर्ची आणायला सांगितली.